टेराकोटा लाद्यांचे नूतनीकरण

टेराकोटा लाद्यांचे नूतनीकरण म्हणजे भाजलेल्या मातीच्या जुन्या लाद्यांवर वर्षानुवर्षे साचलेले मेण, तेल, रंग किंवा सीलर यांचे थर उतरवणे, लाद्या स्वच्छ व कोरड्या करणे आणि आवश्यक असल्यास त्यांना पुन्हा संरक्षक लेप देणे, ही प्रक्रिया होय. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील नागाव व त्याच्या शेजारील अक्षी, चौल, रेवदंडा या किनारी गावांत ही प्रक्रिया कोरड्या प्रदेशातल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करावी लागते. येथील जमिनीत ओल आणि क्षार दोन्ही असतात. जुन्या घरांच्या जोत्यात ओलप्रतिबंधक थर बहुधा नसतो, आणि लादीचे आयुष्य तिच्यावरच्या चकाकीपेक्षा तिच्यातून ओल बाहेर पडू शकते की नाही यावर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखातील माहिती प्रामुख्याने या परिस्थितीला धरून आहे.

नाव व परिभाषा

‘टेराकोटा’ हा मूळ इटालियन शब्द असून त्याचा अर्थ ‘भाजलेली माती’ असा होतो. कोकणात व मुंबईत जमिनीवर बसवायच्या तुकड्याला ‘लादी’ म्हणतात, तर देशावर ‘फरशी’ हा शब्द अधिक रूढ आहे. छपरावरच्या मंगलोरी कौलांच्या नावावरून तांबड्या मातीच्या लाद्यांनाही पुष्कळदा ‘मंगलोरी लादी’ म्हटले जाते. जमिनीवर किंवा भिंतीवर क्षारांचा पांढरा थर येण्याला ‘लोणा लागणे’ असे म्हणतात. आधारापासून सुटलेली लादी ठोकली असता होणाऱ्या पोकळ आवाजाला गवंडी ‘बद्द’ आवाज म्हणतात. लाद्यांमधील सांधे भरण्याला ‘दर्जा भरणे’ ही संज्ञा आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम किनाऱ्यावर यंत्राने दाबून तयार केलेल्या मातीच्या कौलांचा उद्योग १८६५ मध्ये मंगळूरजवळ जेप्पू येथे बासेल मिशनने सुरू केला. या कारखान्याच्या उभारणीत गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याचा पुढाकार होता. नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती, जळाऊ लाकूड आणि जलवाहतूक या तिन्ही गोष्टी तेथे हाताशी होत्या. १८६८ मध्ये अल्बुकर्क यांचा कारखाना निघाला आणि पुढे मंगळूर परिसरात असे अनेक कारखाने उभे राहिले. कौलांबरोबर त्यांत जमिनीच्या लाद्याही बनत. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनच्या कारखान्यांची मालकी कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेली.

बासेल मिशनच्या मालावर उठवलेला ‘१८६५’ हा आकडा पाहून आपले घर त्याच वर्षीचे आहे, असा समज पुष्कळांचा होतो. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. त्या विशिष्ट लादीचे किंवा कौलाचे वय त्यावरून ठरत नाही.

अष्टागरातील जुन्या घरांत जमिनीचे अनेक प्रकार शेजारी शेजारी आढळतात. माजघरात व परसदारी शेणाने सारवलेली जमीन, ओटीवर शहाबादी फरशी, एखाद्या खोलीत कोबा आणि जरा हात सैल सोडून बांधलेल्या घरात मातीच्या किंवा नक्षीदार सिमेंटच्या लाद्या, असा हा मेळ असतो. सारवलेल्या जमिनीतून ओल सहज निघून जाते, आणि लेप न दिलेल्या मातीच्या लादीतूनही ती जाते. जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसूनही अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली याचे हे एक कारण आहे. जुन्या लाद्यांचे नुकसान बहुधा त्यांच्यावर प्लॅस्टिकसदृश चकचकीत थर चढवल्यानंतर सुरू होते.

लादीचे गुणधर्म

चिकणमाती सुमारे ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला भाजली असता तिचे कण एकमेकांना धरून ठेवतात, परंतु ती पूर्णपणे काचेसारखी होत नाही. तिच्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. तांबडा रंग मातीतील लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणून लादी फुटली तरी आतही ती तांबडीच दिसते. भट्टीत बाहेरचा पृष्ठभाग आतल्या भागापेक्षा थोडा अधिक घट्ट होतो. ही पातळ साय गेली की आतील सच्छिद्र भाग उघडा पडतो आणि डाग व झीज दोन्ही वाढतात.

जमिनीसाठीच्या मातीच्या लाद्यांविषयी भारतीय मानक आयएस १४७८ हे आहे. त्यात लाद्यांचे वर्ग पाणी शोषण्याच्या प्रमाणानुसार केले आहेत. हे प्रमाण घरीही ढोबळमानाने काढता येते. एखादी सुटी लादी कडक उन्हात अनेक दिवस वाळवून तिचे वजन करावे. नंतर ती २४ तास पाण्यात बुडवून, बाहेरून पुसून, पुन्हा वजन करावे. कोरडी लादी २,००० ग्रॅम आणि भिजलेली २,३०० ग्रॅम भरली, तर शोषण १५ टक्के झाले. शोषण जितके जास्त, तितका लेपही जास्त लागतो आणि क्षारांना आत शिरायला वावही जास्त मिळतो.

नागावची जमीन, हवा आणि लोणा

नागाव हे अलिबाग–रेवदंडा रस्त्यावर अक्षी व चौल यांच्या दरम्यान वसलेले गाव आहे. समुद्रालगत वाळूचा पट्टा, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांतच घरे, अशी त्याची रचना आहे. वाड्यांना विहिरींचे पाणी शिंपले जाते आणि भूजलाची पातळी वर असते. या भागात वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जमिनीतले पाणी जोत्याच्या मातीतून व चुन्यातून केशाकर्षणाने वर चढते आणि येताना विरघळलेले क्षार सोबत आणते. खारा वारा त्यात वरून भर घालतो.

नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील बाष्प शोषून विरघळते आणि त्याखाली पुन्हा स्फटिकरूप धारण करते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता दीर्घकाळ या मर्यादेच्या वर असते, त्यामुळे क्षार लादीच्या छिद्रांत द्रवरूपाने राहतात. तेव्हा जमीन ओलसर व काळपट दिसते, पण तुटत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि स्फटिक वाढू लागतात. पांढरा लोणा पावसात न दिसता थंडीत दिसतो तो यामुळे. ‘पावसाळ्यात काही नव्हते, पावसाळा संपल्यावर कुठून आले,’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या ७५ टक्क्यांच्या आकड्यात आहे.

स्फटिक लादीच्या पृष्ठभागावर तयार झाले तर विशेष बिघडत नाही. कोरड्या कुंचल्याने ते झाडून काढता येतात. पृष्ठभाग अपारगम्य थराने बंद केलेला असेल, तर बाष्प थराच्या खाली अडते आणि स्फटिक लादीच्या आत, सायीच्या लगेच खाली, वाढतात. त्यांच्या दाबाने सायीचे पापुद्रे सुटतात. सोडियम सल्फेट याहून उपद्रवी असते. निर्जल स्वरूपातून सजल स्वरूपात जाताना त्याच्या स्फटिकांचे आकारमान तिपटीहून अधिक होते. सल्फेट लादीच्या मूळ मातीतून, भट्टीतील इंधनातून किंवा नंतर वापरलेल्या सिमेंटमधून येऊ शकते.

वरच्या मजल्यावरील लाद्यांना जमिनीच्या ओलीचा त्रास नसतो. नव्या बांधकामात काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा जाड कागद घातलेला असेल, तर तेथील लाद्यांचेही तसेच. त्यांना पुढे वर्णिलेली बंधने बऱ्याच अंशी लागू होत नाहीत. मात्र छपरातून आलेले पाणी कोणत्याही मजल्याला सोडत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले तेव्हा रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले आणि त्यानंतर लगेच पावसाळा लागला. अशा रीतीने वरून भिजलेल्या जमिनींना वाळण्यासाठी एक संपूर्ण कोरडा हंगाम देणे आवश्यक असते.

लादी ओळखणे

काम सुरू करण्यापूर्वी जमीन खरोखर मातीच्या लाद्यांची आहे का, हे ठरवावे लागते. तांबडा दिसणारा कोबा हा सिमेंटात लाल ऑक्साइड मिसळून केलेला असतो. त्यावर चौकटी आखलेल्या असल्या तरी त्या वरवरच्या रेघा असतात, खरे सांधे नसतात. सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांत रंगाचा थर फक्त वरचे काही मिलिमीटर असतो व कडेला करडे सिमेंट दिसते. या लाद्यांचे एक जुने उत्पादन केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे. भारत फ्लोअरिंग टाइल्स हा कारखाना १९२२ मध्ये उरण येथे सुरू झाला. फुटक्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकला असता सिमेंटवर बुडबुडे येतात, चांगल्या भाजलेल्या मातीवर येत नाहीत. सिमेंटच्या लादीवर आम्ल वापरल्यास तिची नक्षी कायमची फिकी पडते, म्हणून ही खातरजमा केवळ औपचारिक नव्हे.

यानंतर जुना थर कशाचा आहे हे पाहावे. कोपऱ्यातल्या किंवा कपाटाखालच्या एका लादीवर टर्पेंटाइनने भिजवलेले फडके काही मिनिटे ठेवावे. थर मऊ होऊन फडक्यावर पिवळट किंवा तांबडा उतरला, तर ते मेण किंवा मेणाचे लाल पॉलिश असते. टर्पेंटाइनचा परिणाम होत नाही, पण सोड्याच्या गरम पाण्याने थर पांढुरका व चिकट होतो, तर तो बहुधा अ‍ॅक्रिलिक सीलर असतो. दोहोंनाही दाद न देणारा, नखाने खरवडता न येणारा व सोलल्यास कातड्यासारखा निघणारा थर पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचा असतो. जुन्या घरात एकावर एक तीन-चार प्रकार सापडणे नवलाचे नाही. सणावाराला पॉलिश करण्याची पद्धत होती आणि आधीचे काढून मग नवे लावण्याची पद्धत नव्हती.

ओल तपासण्यासाठी सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा लाद्यांवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करतात. एक-दोन दिवसांनी त्याच्या खालच्या बाजूला दवाचे थेंब दिसले किंवा लाद्या काळवंडल्या, तर जमिनीतून ओल येत आहे. ही चाचणी एकदा पावसाळ्यात व एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये करून तुलना केली तर जमिनीची प्रकृती नीट कळते.

थर उतरवणे

या कामाला जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. मे महिन्यात सुरू केलेले काम पावसापूर्वी वाळून पुरे होण्याची शाश्वती नसते.

मेण उतरवताना टर्पेंटाइन किंवा मिनरल टर्पेंटाइन फडक्याने लावून, थर मऊ झाल्यावर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडतात व लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतात. टिपणे महत्त्वाचे आहे. विरघळलेले मेण तसेच राहू दिल्यास ते छिद्रांत अधिक खोल उतरते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि काम चालू असताना स्वयंपाकघरातील गॅस व देवघरातील समई दोन्ही बंद ठेवाव्या लागतात.

अ‍ॅक्रिलिक सीलर व जुने तेल अल्कधर्मी द्रावणाने निघते. सौम्य द्रावणासाठी १० लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो. ते एका वेळी दोन-तीन चौरस मीटर भागावर पसरून, वाळू न देता १५-२० मिनिटे ठेवून, घासून, उचलून घ्यावे. घासण्यासाठी लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण लादीत अडकून गंजतात व डाग पडतात. काथ्याचा ब्रश किंवा नारळाचे सोडण यासाठी चांगले, आणि नागावात ते विकत आणावे लागत नाही. धुण्याचा सोडा हाही एक क्षारच आहे. म्हणून तो वापरल्यावर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुणे आणि प्रत्येक वेळी पाणी टिपून घेणे अनिवार्य ठरते. मचूळ विहिरीच्या पाण्याने धुतल्यास काढलेल्यापेक्षा अधिक क्षार आत जातात.

पॉलियुरेथेन व इपॉक्सीसाठी बाजारात तयार थरनाशके मिळतात. यांपैकी मिथिलीन क्लोराइड असलेली द्रावणे बंद खोलीत प्राणघातक ठरू शकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी अशा रंगनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली. बेंझाइल अल्कोहोलवर आधारित द्रावणे तुलनेने सौम्य असतात. त्यांना अधिक वेळ लागतो, व ती लावून वर प्लॅस्टिक पसरून कित्येक तास ठेवावी लागतात.

बाजारात सहज मिळणारे व म्हणूनच सर्वाधिक नुकसान करणारे दोन उपाय येथे स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक आहे. पहिला म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याला बोलीभाषेत नुसते ‘अ‍ॅसिड’ म्हणतात. ते सांध्यातील चुना विरघळवते आणि त्या प्रक्रियेत कॅल्शियम क्लोराइड तयार होते. हा क्षार मिठापेक्षाही अधिक ओल ओढून घेतो. लोणा घालवण्यासाठी टाकलेल्या अ‍ॅसिडमुळे पुढच्या वर्षी जमीन अधिक ओली राहते ती अशी. दुसरा उपाय म्हणजे मोझॅइक व कोटा फरशी घासणारे यंत्र. ते लादीची घट्ट साय घासून काढते. घासलेली जमीन आठ-पंधरा दिवस नव्यासारखी दिसते व नंतर प्रत्येक डाग पिऊन टाकते. कोरड्या घासाईत उडणाऱ्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, तिच्यामुळे सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य रोग होतो. हा धोका घरमालकापेक्षा रोज तेच काम करणाऱ्या कारागिराला कितीतरी अधिक असतो.

क्षार काढणे

पृष्ठभागावरील लोणा कोरड्या कुंचल्याने झाडून, भरून, घराबाहेर टाकावा. पाण्याने पुसल्यास तो विरघळून पुन्हा लादीत शिरतो. आत मुरलेल्या क्षारांसाठी लेप वापरतात. वर्तमानपत्राच्या किंवा टिपकागदाच्या लगद्यात मुलतानी माती व शुद्ध पाणी मिसळून केलेला सुमारे दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा लेप लादीवर थापतात. लेपातले पाणी आधी लादीत जाते, क्षार विरघळवते आणि वाळताना क्षारांसह परत लेपात येते. पूर्ण वाळून भेगा पडलेला लेप उचलून टाकतात व दोन-तीन वेळा पुन्हा लावतात. तेलाच्या डागांवरही अशाच लेपात पाण्याऐवजी टर्पेंटाइन घालतात.

लेपाने क्षार निघाले का, हे शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहता येते. वाळलेल्या लेपाचा तुकडा ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, गाळून, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले असता क्लोराइड असल्यास पांढरा साका बसतो. एकामागून एक लेपांत तो कमी होत जातो. जमिनीतून ओल येतच राहिली तर क्षारही येत राहतील. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर नेणे आणि भिंतीलगतच्या अळ्यांना पाणी कमी करणे, हे उपाय लेपाहून अधिक टिकाऊ असतात.

दुरुस्ती

बद्द वाजणारी लादी सोडवून, आधार साफ करून, चुन्याच्या मसाल्यात पुन्हा बसवतात. एक भाग चुना व तीन भाग धुतलेली नदीची वाळू हे प्रमाण पुरेसे असते. समुद्राची वाळू, दारात असली तरी, वापरू नये. सांध्यांतही सिमेंटपेक्षा चुना योग्य, कारण तो लादीपेक्षा मऊ असल्याने हालचाल व ओल स्वतःवर घेतो आणि खराब झाल्यास सहज बदलता येतो. सिमेंटने घट्ट धरलेली जुनी लादी काढताना बहुधा फुटतेच. बदली लादीसाठी पाडलेल्या घरांतील माल शोधणे किंवा पलंग-कपाटांखालच्या चांगल्या लाद्या दर्शनी भागात आणून त्यांच्या जागी नव्या घालणे, हे दोन मार्ग आहेत. दुसरा अधिक चांगला, कारण त्यात रंग जुळतो.

नवा लेप

धुतलेल्या लाद्या किमान दोन-तीन आठवडे वाळू देऊन प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करतात. ओल दिसत असेल तर लेप न देणे हाच योग्य निर्णय असतो. मातीची लादी लेपाशिवायही वापरता येते. तिच्यावर डाग पडतात, पण ती फुटत नाही.

लेप द्यायचाच असेल तर उकळलेले जवसाचे तेल व टर्पेंटाइन समभाग मिसळून पहिला हात पातळ देतात आणि अर्ध्या तासात लादीने न शोषलेले तेल पुसून काढतात. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून ते उपयोगी पडते. खोबरेल तेल असे वाळत नाही. ते लादीत चिकट राहते, धूळ धरते व कालांतराने खवट वास येतो, त्यामुळे घरचे असले तरी ते या कामाचे नाही. तेल वाळल्यावर मधमाशांच्या मेणाचा अतिशय पातळ हात देता येतो. मात्र हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते व ऊन येणाऱ्या ओटीवर त्याआधीच मऊ होते. तेथे कारनौबा मेणाचे मिश्रण बरे. तेल व मेणाचे थरही जाड झाले की बाष्प अडवतात, म्हणून पातळ हात देण्यावर भर असतो.

सिलेन-सिलोक्सेन प्रकारची मुरणारी द्रावणे बाष्प जाऊ देतात व पाणी अडवतात, म्हणून त्यांची शिफारस होते. क्षार नसलेल्या, कोरड्या जमिनीवर ती उपयुक्त आहेत. क्षारयुक्त जमिनीत पाणी त्यांच्या थरापाशी थांबते, तेथून फक्त बाष्प पुढे जाते व मीठ थराच्या मागे साठते. नागावसारख्या ठिकाणी तळमजल्यावर ती टाळणेच इष्ट. पर्यटकांसाठी घरे देऊ लागल्यापासून पुसायला सोपी, ओली झाली तरी न डागाळणारी जमीन हवी असते. तेथे जेवणाच्या जागेपुरते जाजम किंवा चटई टाकणे हे सबंध घर सीलबंद करण्यापेक्षा स्वस्त पडते.

सांडपाणी व चिंध्या

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास तेलाच्या ऑक्सिडीकरणाने तापून आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उन्हात एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. थर उतरवल्यावर निघालेला चिकट गाळ मोरीत किंवा वाडीच्या पाटात सोडू नये. वाळूमिश्रित जमिनीत तो लवकर झिरपतो आणि नागावात घराची विहीर बहुधा त्याच वाडीत, काही पावलांवर असते. गाळ लाकडाच्या भुशात किंवा कोरड्या मातीत शोषून, वाळवून, वेगळा बांधून ठेवावा. आम्ल किंवा तीव्र अल्कली वापरली असल्यास ते पाणी पोफळीच्या मुळांशी जाणार नाही, याची व्यवस्था काम सुरू करण्यापूर्वीच करावी लागते.